भिंतीवरचे आकडे

माझा पीएच.डी.चा प्रबंध २१२ पानांचा आहे. काळ्या रेक्झिनची बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरे, आत टंकलेखन यंत्रावर ठोकलेली आणि मागाहून शाईने दुरुस्त केलेली पाने. १९८७ साली तो विद्यापीठात सादर केल्यानंतर मी तीनदाच उघडला. एकदा मुलीला दाखवायला, एकदा कपाटाला वाळवी लागली तेव्हा, आणि तिसऱ्यांदा २०१९ च्या ऑगस्टमध्ये, रात्री अकरा वाजता, आईला हाताला प्लास्टर घालून घरी आणल्यावर. त्या रात्री मी थेट तिसरे प्रकरण काढले. त्यात काय लिहिले आहे हे मला ठाऊक होते. तरीही ते पुन्हा एकदा वाचावेसे वाटले.

आमचे घर साताऱ्याचे. १९८० साली मी पुण्याहून जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. केले आणि पुढच्या वर्षी संशोधनासाठी मुंबईला गेले. घरी या गोष्टीचे कौतुक होते, तशी धास्तीही होती. "एम.एस्सी. झाली, आता आणखी किती शिकायचं?" असे वडील विचारीत आणि "पाच-सहा वर्षं" हे उत्तर ऐकून वर्तमानपत्रात तोंड घालीत. वसतिगृहात आम्ही मुली अशा वेळी कमलाबाई सोहोनींचे नाव घेत असू. १९३३ साली बंगळूरच्या संस्थेत केवळ मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला गेला, तेव्हा त्या हटून बसल्या. पुढे १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या. बटाट्यातल्या एका प्रथिनावरचा त्यांचा प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता, असे सांगतात. माझी २१२ पाने त्यापुढे ठेवली, की मला अजूनही थोडे ओशाळल्यासारखे होते.

आईला मात्र पानांशी कर्तव्य नव्हते. तिचा प्रश्न एकच असे: "तू तिथे नक्की करतेस तरी काय?"

एका दिवाळीत ती बासुंदी आटवत असताना मला त्याचे उत्तर सापडले. दूध तासभर आटले की पांढरे राहत नाही, बदामी होते. सातारचा कंदी पेढा तर खवा भाजून भाजून चांगला तपकिरी केलेला असतो. हा रंग बाहेरून कोणी घातलेला नसतो. दुधातली साखर आणि दुधातली प्रथिने उष्णतेने एकमेकांना चिकटतात आणि त्यातून तो रंग, तो खमंग वास येतो. लुई कामिय माईयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले. "हेच आपल्या रक्तात होत असतं," मी म्हणाले, "फक्त चुलीवर नाही, अंगाच्या उबेवर, फार सावकाश. रक्तात साखर जितकी जास्त, तितकी ती प्रथिनांना जास्त चिकटते. ती किती चिकटली आहे हे मी मोजते." आई पळी हलवत म्हणाली, "म्हणजे माणूस आतून आटतो." मी हसले होते.

शरीरातल्या बहुतेक रासायनिक क्रिया विकरे चालवतात, म्हणजे त्यांना लगाम असतो. गरज संपली की त्या मंदावतात. साखर चिकटण्याच्या या क्रियेला विकर लागत नाही. साखर किती आणि वेळ किती, या दोनच गोष्टींवर ती अवलंबून असते. तांबड्या रक्तपेशीतले हिमोग्लोबिन हे यासाठी सोयीचे प्रथिन ठरले, कारण ही पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढे दिवस साखरेचा हिशेब अंगावर वागवते. तेहरानमध्ये सॅम्युएल रहबर या इराणी वैज्ञानिकाला १९६८ साली मधुमेही रुग्णांच्या हिमोग्लोबिनमध्ये एक वेगळा पट्टा दिसला, आणि दहाएक वर्षांत त्यावरून मधुमेहाचा अंदाज घेण्याची कल्पना रुजली. आज आपण जिला 'तीन महिन्यांची शुगर' म्हणतो ती एचबीएवनसी चाचणी ती हीच. मी संशोधनाला लागले तेव्हा आपल्याकडे फार थोड्या डॉक्टरांनी तिचे नाव ऐकले होते.

प्रयोगशाळेतले दिवस बाहेरच्यांना वाटतात तसे रोमहर्षक नसतात. सकाळी रुग्णालयातून रक्ताच्या बाटल्या बर्फाच्या डब्यात आणायच्या. पेशी मिठाच्या पाण्याने धुवायच्या, फोडायच्या, आतले लाल पाणी गाळून काचेच्या उभ्या नळीत भरलेल्या रेझिनवर सोडायचे आणि खालून ठिबकणारा द्रव परीक्षानळ्यांत धरत बसायचे. साखर चिकटलेले हिमोग्लोबिन आधी उतरते, बाकीचे मागून. मग एकेका नळीतला रंग यंत्रावर मोजायचा. वीज गेली की सारे पुन्हा पहिल्यापासून. पहिली दोन वर्षे तर मी केवळ भांडी कशी धुवावीत हे शिकले, असे म्हटले तरी चालेल. साबणाचा अंश राहिला तरी आकडा बिघडे.

आमचे मार्गदर्शक सर मितभाषी होते. कोणताही निकाल घेऊन गेले, की कागद पाहण्याआधी ते विचारीत, "ब्लँक कुठे आहे?" ब्लँक म्हणजे ज्या नळीत सारे काही घातलेले असते, फक्त रक्त नसते. त्या रिकाम्या नळीचा आकडा सांगता आला नाही तर ते पुढचे ऐकत नसत. मला तो निव्वळ हेका वाटे.

१९८४ च्या मे महिन्यात माझ्या हाती एक सुरेख निकाल आला. आठ महिने मी काही रुग्णांचे रक्त नियमाने तपासत होते आणि जानेवारीपासून मेपर्यंत त्यांचा आकडा चढत गेलेला स्पष्ट दिसत होता. उन्हाळ्यात आजार बळावतो असे काहीसे त्यातून सिद्ध होणार होते. मी आलेख काढला, त्याला शीर्षकही दिले. सरांनी तो पाहिला आणि विचारले, "निरोगी माणसांचे नमुने मे महिन्यात केलेस?" मी केले नव्हते. ते जानेवारीत एकदा केले होते आणि श्रम वाचावेत म्हणून तेच आकडे पुढे वापरले होते. दुसऱ्या दिवशी मी स्वतःचे आणि तीन सहकाऱ्यांचे रक्त तपासले. आम्हा चौघांचाही आकडा चढलेला! चढला होता तो खोलीचा पारा. त्या रेझिनला उष्णता लागली, की नको ते हिमोग्लोबिनही लवकर सुटून खाली येते, आणि मुंबईचा मे महिना आमच्या खोलीत पंख्याखाली बसलेला होता. आठ महिने वाया गेले. सर रागावले नाहीत. "खोलीचं तापमान रोज वहीत लिहिलंस ना?" एवढेच त्यांनी विचारले. ते मी लिहिले होते. रोज, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात, केवळ सवयीने. उत्तर माझ्याच वहीत आठ महिने पडून होते आणि मी ते वाचले नव्हते.

पुढे नळीभोवती पाणी खेळवण्याची सोय झाली आणि काम रुळावर आले. तिसरे प्रकरण त्यानंतरचे. साखर किती आणि वेळ किती, यांपैकी वेळेचा भाग तपासावा, असे सरांनी सुचवले. वेळ म्हणजे पेशीचे वय. म्हाताऱ्या पेशी जड असतात, त्या वेगाने फिरवून तरुण पेशींपासून वेगळ्या काढता येतात. त्यांत साखर अधिक चिकटलेली असते. मग ज्यांच्या रक्तात पेशींच्या वयाचे गणित बिघडलेले आहे, त्यांचे काय? रक्तक्षयाच्या रुग्ण स्त्रिया आम्हाला सहज मिळाल्या. आपल्या देशात त्यांची वाण कधीच नव्हती. मधुमेह नसूनही, लोहाची कमतरता असलेल्या त्या स्त्रियांचा आकडा वर सरकलेला दिसे, आणि लोह दिल्यावर खाली येई. परदेशी नियतकालिकांतही १९८० च्या सुमारास हेच लिहून येऊ लागले होते. लोह नसले की नव्या पेशी कमी तयार होतात आणि जुन्याच अधिक प्रमाणात फिरत राहतात, असे त्याचे कारण सामान्यतः देतात, जरी त्यावर अजून पूर्ण एकमत झालेले नाही. याउलट रक्तस्राव झाला, पेशी लवकर फुटू लागल्या किंवा बाहेरचे रक्त चढवले, तर आकडा खोटाच कमी दिसतो. गडचिरोली, नंदुरबारकडच्या आदिवासी समाजात आढळणारा सिकलसेलसारखा जन्मजात दोष असेल तर काही पद्धतींनी केलेली चाचणी मुळातच चुकते.

प्रबंध मान्य झाला. आईने गल्लीत कंदी पेढे वाटले आणि प्रत्येक घरी सांगितले, "रक्तातली साखर मोजून मोजून डॉक्टर झाली." त्यानंतर एका वैद्यकीय महाविद्यालयात मी २८ वर्षे जीवरसायनशास्त्र शिकवले. १९९३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले, एचबीएवनसी आटोक्यात ठेवले तर तरुण मधुमेहींचे डोळे आणि मूत्रपिंडे वाचतात हे ठरले, आणि माझ्या काचेच्या नळीतला आकडा गावोगावच्या लॅबच्या पत्रकावर आला. दरवर्षी मी फळ्यावर त्याच्या मर्यादा लिहीत असे. विद्यार्थी त्या परीक्षेपुरत्या पाठ करीत. त्यांच्याविषयी तक्रार करण्याचा मला आता अधिकार उरलेला नाही.

वडील गेल्यावर आई माझ्याकडे पुण्याला आली. तिला साठीत मधुमेह निघाला होता. मेटफॉर्मिन आणि जोडीला ग्लिमेपिराइडची छोटी गोळी चालू होती. घरी साखर तपासण्याचे यंत्र आणले, तेव्हा ते वापरायला ती माझ्याआधी शिकली. आठवड्यातून तीनदा बोट टोचायची आणि आकडा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने लिहायची. वर उपाशीपोटीचा, खाली जेवणानंतर दोन तासांचा. दूधवाल्याचा हिशेब, एकादशी आणि साखर एकाच चौकोनात नांदत.

२०१९ च्या जूनमध्ये तिचे एचबीएवनसी ८.३ आले. आधीच्या खेपेला ते ७.१ होते. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड दुप्पट केले. मी शेजारीच बसले होते, मान डोलावली. घरी आल्यावर आई कालनिर्णयासमोर उभी राहून म्हणाली, "अगं, पण माझे इथले आकडे तर तसेच आहेत. सकाळी एकशे दहा, एकशे पंधरा. जेवल्यावर एकशे साठ-सत्तर."

मी म्हणाले, "आई, तो तीन महिन्यांचा हिशेब असतो. तुझं यंत्र त्या घटकेपुरतं बघतं."

हे वाक्य मी २८ वर्षे शिकवले होते. ते चूकही नाही. पण ८.३ म्हणजे दिवसरात्रीची सरासरी साधारण १९०. भिंतीवरच्या आकड्यांतून ती निघणार कशी, एवढा साधा हिशेब करायला मी पेन्सिलही उचलली नाही. आई "बरं" म्हणाली आणि गोळी घेऊ लागली. एवढे शिकलेल्या मुलीपुढे ती आणखी काय म्हणणार?

ऑगस्टमधल्या एका पहाटे साडेचारच्या सुमारास न्हाणीघराकडून आवाज आला. आई दाराशी जमिनीवर बसलेली होती. पातळ घामाने चिंब, उजवे मनगट विचित्र वळलेले, आणि ती मला तिच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारत होती. माझ्या मनात पहिला विचार आला तो पक्षाघाताचा. यजमान रुग्णवाहिकेला फोन लावू लागले. यंत्र हाताशी होते म्हणून मी तिचे बोट टोचले. ४६. ती गिळू शकत होती, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांनी ७८ झाली आणि आईने विचारले, "तू अशी का बसलीयेस?"

घरात वयस्कर मधुमेही असेल त्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे, म्हणून मध्येच सांगते. म्हातारपणी साखर उतरली की तरुणांसारखी धडधड, थरथर जाणवेलच असे नाही. असंबद्ध बोलणे, चिडणे, पडणे हेच पहिले चिन्ह असू शकते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. थेट रुग्णालय गाठावे. आणि या जातीच्या गोळ्यांचा अंमल लांबतो, म्हणून एकदा साखर वर आली तरी तो सारा दिवस, रात्रही, पुन्हा पुन्हा तपासत राहावे लागते. आईला त्यासाठीच एक रात्र रुग्णालयात ठेवून घेतले.

तिथे प्लास्टर घालण्याची वाट पाहत असताना मी तिची फाइल चाळत होते. एचबीएवनसीच्या कागदाच्या मागेच, त्याच जूनमधला, त्याच लॅबचा दुसरा कागद लावलेला होता. हिमोग्लोबिन ८.६. तांबड्या पेशी लहान आणि फिक्या. आई गेले काही महिने जिना चढताना थांबते हे मी पाहिले होते आणि वयाच्या नावावर टाकले होते. तो कागद हातात धरून मी बसले, आणि मला मे महिन्यातली ती खोली आठवली. पंखा, आलेख, वहीच्या कोपऱ्यातले तापमान.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले, तेव्हा मी दोन्ही कागद आणि घरून मागवलेले कालनिर्णय त्यांच्यापुढे ठेवले. मला वाटले होते, ते दुखावतील. तरुण माणूस, बाहेर तीस रुग्ण ताटकळलेले. त्यांनी कालनिर्णयाची पाने एकेक करून उलटली, जूनवर थांबले. "मॅडम, हे मी मागायला हवं होतं," ते म्हणाले. मी म्हणाले, "मी न मागता द्यायला हवं होतं." आई प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन आमच्याकडे आळीपाळीने पाहत होती.

ग्लिमेपिराइड आधीच्या मात्रेहूनही खाली आले. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला ७ च्या आतला आकडा गाठून काही विशेष मिळत नाही, आठाच्या आत राहिले तरी पुष्कळ. खाली घसरू नये हे अधिक महत्त्वाचे, असे त्यांनी तिला समजावले. फेरिटिन तपासले, ते अगदी कमी निघाले, बी-१२ सुद्धा. बी-१२ खालावण्यात वर्षानुवर्षांच्या मेटफॉर्मिनचाही हात असतो. लोह का कमी झाले हे शोधल्यावाचून नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर भागवू नये, असा त्यांचा आग्रह होता. म्हातारपणीच्या रक्तक्षयामागे कधी आतड्यातला छुपा रक्तस्राव, कधी गाठ असते. दुर्बिणीची तपासणी झाली. गाठ नव्हती, व्रणही नव्हता. जठराचे अस्तर पातळ झालेले होते, त्यातून लोह शोषले जात नव्हते. मग सलाइनमधून लोह दिले, बी-१२ ची इंजेक्शने सुरू झाली.

लोह मिळाले की नव्या पेशींची लाट येते आणि काही काळ एचबीएवनसी उलट दिशेने फसवते. म्हणून काही महिने आम्ही त्याच्या वाटेला गेलोच नाही, भिंतीवरच्या आकड्यांवर चाललो. घाई असेल तर फ्रुक्टोसामाइन नावाची चाचणी असते. ती रक्तद्रवातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजते, तांबड्या पेशींच्या वयाशी तिला देणेघेणे नसते. आम्हाला ती लागली नाही. २०२० च्या जानेवारीत हिमोग्लोबिन ११.४ झाले आणि एचबीएवनसी ७.२ आले. गोळी कमी झाली होती, घरचे आकडे किंचित वरच होते, तरी तीन महिन्यांची शुगर खाली आलेली! मी तो कागद घेऊन बराच वेळ बसले. माझ्या तिसऱ्या प्रकरणात असेच रुग्ण होते. फक्त त्यांना नावे नव्हती, क्रमांक होते.

मनगट सहा आठवड्यांनी सुटले, पण त्यातली ताकद पूर्ण परतली नाही. पोळी लाटणे गेले. पहाटे एकटीने उठण्याची भीती मात्र बसली ती बसलीच. त्यानंतर मी तिच्या खोलीत झोपू लागले. याविषयी ती मला कधी बोलली नाही. एकदा मीच विषय काढला, "आई, त्या दिवशी तू कालनिर्णय दाखवलंस तेव्हा मी ऐकायला हवं होतं." ती म्हणाली, "मला तरी कुठे खात्री होती? मी आपलं लिहून ठेवत होते." आणि तिने मला दिवा मालवायला सांगितले.

ते २०१९ चे कालनिर्णय मी जपून ठेवले आहे. ऑगस्टनंतरचे आकडे डाव्या हाताने लिहिलेले, पहिलीतल्या मुलासारखे वाकडे आहेत. दिवस मात्र एकही चुकलेला नाही. पुढच्या वर्षाचेही आहे. जानेवारीत तो ७.२ चा कागद आला, त्या दिवशी साताऱ्याहून भाचा आला होता, पेढ्यांचा पुडा घेऊन. आईने माझ्याकडे पाहिले. मी अर्धा मोडून दिला. उरलेला अर्धा तिने मी पाठ वळवल्यावर घेतला असावा, कारण त्या चौकोनात जेवणानंतरचा आकडा १८४ आहे आणि त्यापुढे, बारीक पेन्सिलीने, कंसात लिहिले आहे: पेढा, एक.